गाडीवानाचा द्रोण

दाखूबाई : आणि हाई पत्र? याले जवाब दिधा का तुम्हीन?

शांतीलाल : कोणतं पत्र?

दाखूबाई : माले नका इचारू कोणतं. घरमा एकच पत्र शे, जे तुम्ही एक पुस्तकमाईन काढतस नि दुसरामा दडवतस. दिवाळीना पहिले उनं, आते होळी ई ऱ्हायनी.

शांतीलाल : दडवलं नाही. खूण म्हणून ठेवलं होतं.

दाखूबाई : खूण तर दिवाळीपासून त्याच पानवर शे. पुस्तक पुढे सरकनं नही.

शांतीलाल : उत्तर लिहिलं होतं मी. दोनतीनदा लिहिलं.

दाखूबाई : आणि फाडं बी. कचरामा मीच टाकं. एकमा नुसता कलम नि पोटकलम. दुसरामा सगळीकडे ‘परंतु’. तिसरामा ‘प्रिय वीरसिंग’, आणि त्याना पुढे काहीच नही.

शांतीलाल : तिसरं त्यातल्या त्यात बरं होतं.

दाखूबाई : चष्मा द्या तुमना. मी वाचस.

शांतीलाल : तुला पाठ आहे ते.

दाखूबाई : तुमले पाठ व्हतं तर आतापावत लिखं असतं. आयका. “आदरणीय सर, वीरसिंगचा नमस्कार. तुम्ही फोन उचलत नाही म्हणून पत्र लिहितो.” देखा. पोऱ्याले बी माहीत शे. फोन वाजना की तुम्ही न्हाणीमा जातस.

शांतीलाल : पुढे वाच.

दाखूबाई : “मला लायसन मिळाले. मी पिकअप चालवतो. होळीनंतर बहिणीचे, ममताचे लग्न आहे. तिला सासरी मीच सोडणार. निघताना गाडीवानाला मोहाच्या दारूचा द्रोण देतात, ते तुम्ही आमच्या शाळेवर होतात तेव्हा पाड्यात पाहिले आहे. या वेळी आजा स्वतः देणार. सर, मला तो प्यायचा नाही. गेल्या उन्हाळ्यात उखाकाकाचा पोरगा घाटात गेला, तो माझ्या बरोबरीचा होता. पण आज्याला नाही म्हणता येत नाही. आजा फार आशेने बसला आहे. कायद्यात दारूचे वय असते म्हणतात. ते मला तुमच्या अक्षरात लिहून द्या. मोबाइलवर दाखवले तर आजा म्हणतो मोबाइल खोटे बोलतो. तुमचे नाव सांगितले की मानतो. मग चिडला तर कायद्यावर चिडेल, माझ्यावर नाही. मी लिहिले हे आज्याला सांगू नका.” व्हई गयं. इतलंसं मांगस पोऱ्या. पंचवीस लिखा, सही करा, तिकीट चिटकाडा.

शांतीलाल : इतकं सोपं नाही ते. कडक दारूला पंचवीस, बिअरला एकवीस. आणि घरी काढलेल्या मोहाच्या दारूला कोणतं वय लावायचं? ती तर कायद्याच्या हिशेबात मुळी काढायचीच नाही.

दाखूबाई : आणि गाडीले?

शांतीलाल : गाडीला अठरा.

दाखूबाई : म्हणजे गाडी पहिले, दारू मांगून.

शांतीलाल : कायद्याप्रमाणे, हो.

दाखूबाई : मंग चांगलं शे ना. वीस वरीसना पोऱ्या, अजून बठी ऱ्हावो न पेता.

शांतीलाल : आणि पंचविसावं सरल्यावर? मी आकडा लिहून दिला तर तो पंचविशीपर्यंत थांबेल आणि सव्विसाव्या वर्षी पिऊन घाटात जाईल. म्हणेल, सरांनी लिहून दिलंय.

दाखूबाई : तो सव्वीसना व्हई तव्हय दुसरं पत्र लिखा.

शांतीलाल : तू चेष्टा कर. पण मी कोण हे लिहिणारा? आपल्या सात पिढ्यांत कोणी दारूला हात लावला नाही. त्यांच्यात पहिली धार देवाला जाते, वाडवडिलांना जाते. मी इथे शहाद्यात खुर्चीत बसून त्यांना कलमं दाखवायची? त्या म्हाताऱ्याला काय वाटेल? बरं, न लिहावं तर…

दाखूबाई : न लिखावं तर काय?

शांतीलाल : काही नाही. दार वाजतंय बहुतेक.

दाखूबाई : तुमले पाहिजे तव्हय बरोबर दार वाजस. थांबा. कोन शे?… अरे! अहो, होळ्याबाबा शेतस. वीरसिंगना आजा!

शांतीलाल : पत्र दे. दे लवकर. पुस्तकात घाल. त्यात नको, ते पातळ आहे. जाड्यात.

होळ्या : सर आहे का घरी?

दाखूबाई : शेतस ना. जातीन कोठे? या बाबा, बठा. पाणी ल्या. सकाळनी जीपमा उनात का?

होळ्या : सकाळच्या. लग्नाचा बाजार होता. पुढे बसून आलो, ड्रायव्हरच्या बाजूला. आता मी पुढेच बसतो. आधी त्याच्याशी बोलतो जवळ जाऊन. तोंडाचा वास बघतो, मग बसतो.

दाखूबाई : आणि वास उना तर?

होळ्या : तर दुसरी जीप. सर, हे हळदीचे तांदूळ घे. ममताचं लग्न आहे, होळी झाली की. तू आणि बाई, दोघांनी यायचं. सगळ्यांना पोरगं सांगत फिरतं, पण तुला मीच सांगायला आलो.

शांतीलाल : येऊ. म्हणजे… प्रयत्न करू. घाटात हिला उलटी होते.

दाखूबाई : माले व्हस, तर तुम्ही कसाले घाबरतस? येसूत बाबा. आते भाकर खाई ल्या. आम्ही दिवस बुडाना पहिले जेवतस, तुम्ही बी आमनासंगे बठा.

होळ्या : बाजारात भजी खाल्ली. पण तुझी भाकर खाईन. सर, वीरसिंगचं पत्र आलं होतं ना तुला?

शांतीलाल : पत्र? कोणतं… हो. आलं असेल.

होळ्या : मीच टाकलं धडगावच्या पेटीत. मला वाचता येत नाही म्हणून माझ्या हातात दिलं असेल. पाकीट नीट चिकटलं नव्हतं. मी थुंकी लावून चिकटवलं, वर दाबून धरलं. काय लिहिलं होतं त्याने?

शांतीलाल : असंच. पुस्तकाबद्दल. पुढे काय वाचावं, असं काहीतरी.

होळ्या : पुस्तकाबद्दल.

शांतीलाल : हो.

होळ्या : तू दिलेलं पुस्तक गाडीत ठेवतो तो. काचेपाशी. वळणावर पुस्तक या बाजूने त्या बाजूला जातं, तो एका हाताने धरतो. मी ओरडतो. पण उत्तर आलं नाही म्हणतो. टपालवाला खालच्या ओढ्यापाशी दिसला की हा उभा राहतो. टपालवाला बिचारा आता वर चढतच नाही. तिथूनच हात हलवतो, नाही म्हणून.

दाखूबाई : आयका.

शांतीलाल : ऐकतोय.

होळ्या : बाई, भाकर चांगली आहे. सर, एक विचारू का? बाई, तू हसू नको.

दाखूबाई : हासत नही. इचारा.

होळ्या : दारूला वय असतं ना?

शांतीलाल : …असतं.

होळ्या : किती?

शांतीलाल : तुम्ही कशाला विचारताय?

होळ्या : मला गेल्या उन्हाळ्यात कळलं. उखाचा पोरगा गेला तेव्हा. तुला माहीत असेल.

शांतीलाल : पेपरात आलं होतं. दोन ओळी.

होळ्या : दोनच? … नवरी पोचवून परत येत होता. सोबतचे चार जण बाहेर उडून पडले, झाडात अडकून वाचले. हा गाडीसोबत गेला. सकाळी पोलीस आला, कागद काढला. म्हणाला, वय काय? उखा म्हणाला, एकोणीस. पोलीस म्हणाला, हे काय दारूचं वय आहे का? याला दिली कोणी? आम्ही सगळे गोल उभे. पोरगं चादरीत खाली. आणि तेव्हा आम्हाला कळलं, दारूला वय असतं.

दाखूबाई : कोनी दिधी व्हती बाबा?

होळ्या : त्याच्या मामाने. नवं लायसन, पहिली नवरी. हौसेने दिली, आग्रह करून दिली. कोणी त्याला काही बोललं नाही. तोच आता लग्नाला येत नाही. ढोल वाजला की शेतात जाऊन बसतो.

शांतीलाल : बाबा, वयाचं म्हणाल तर पंचवीस आहे. आपल्याकडे.

होळ्या : पंचवीस. आणि तिकडे गुजरातेत?

शांतीलाल : तिकडे बंदीच आहे. कोणत्याच वयाला नाही.

होळ्या : मग तिकडची पोरं मोटरसायकल घेऊन इकडे का येतात?

शांतीलाल : त्यासाठीच येतात.

होळ्या : आणि परत कशी जातात?

शांतीलाल : …त्याच मोटरसायकलवर.

होळ्या : असा कायदा आहे तर.

दाखूबाई : यासले नका इचारू बाबा. हे कायदावर बोलाले लागनात तर तुमनी जीप निंघी जाई.

होळ्या : नाही, बोलू दे त्याला. सर, तू शिकलेला. सांग, गाडीवानाला द्रोण का देतात?

शांतीलाल : मान म्हणून. घरची मुलगी त्याच्या हाती देतात.

होळ्या : मान आहेच. पण तेव्हा बैल होते. मी किती नवऱ्या पोचवल्या! नवरीचा भाऊ नाहीतर काका, ज्याची गाडी त्याला द्रोण. पहिली धार बैलांच्या खुरावर टाकायची, उरलेला गाडीवानाने प्यायचा. प्यालो की मी गाडीत आडवा. नवरी रडून रडून थकली की तीही झोपायची. डोळे उघडले तर बैल नवऱ्याच्या अंगणात उभे, पेंढा शोधताहेत. बैल पीत नव्हते ना. त्यांना वाट माहीत.

दाखूबाई : माय वं!

होळ्या : आता बैल कुठे? आता पोरगंच गाडीवान आणि पोरगंच बैल. आणि द्रोण तेवढाच आहे.

शांतीलाल : मग नका देऊ. म्हणजे… मी आपलं म्हटलं.

होळ्या : कसं नको देऊ? घरात मोठा मी. या वेळी द्रोण माझ्या हातात. सगळा पाडा बघणार. नाही दिला तर म्हणतील, होळ्याने आपल्याच नातवाचा मान मारला. नवरी कोरडी काढली. ममताचे सासरे म्हणतील, आमच्याकडे यायचा आनंद नाही यांना. आणि दिला तर… ममता पुढे बसणार आहे, भावाजवळ. तिने आतापासून सांगून ठेवलंय, खिडकीची जागा माझी.

दाखूबाई : वीरसिंगले इचारं का तुम्हीन?

होळ्या : त्याला काय विचारू? त्याच्याबरोबरीच्या सगळ्या पोरांना मिळाला द्रोण. तो वाट बघत असेल. मी म्हटलं तुला नाही, तर म्हणेल, आजा मला अजून पोरच समजतो. रागावेल. एकच बहीण आहे त्याला.

दाखूबाई : अहो.

शांतीलाल : थांब.

दाखूबाई : काय थांबू? सांगा ना त्यासले.

शांतीलाल : सांगता येत नाही.

होळ्या : काय सांगता येत नाही?

शांतीलाल : काही नाही. ते… पुस्तकाबद्दल.

होळ्या : सर, तुला खोटं बोलता येत नाही. शाळेतही येत नव्हतं. तपासणीला साहेब आला होता, पोरं सगळी मोह वेचायला रानात. तू म्हणालास, सगळ्यांना ताप आलाय. कान लाल झाले होते तुझे. साहेबाने तुझ्याच कपाळाला हात लावून पाहिला.

दाखूबाई : आते बी लाल शेतस. देखा.

शांतीलाल : उकडतंय.

होळ्या : या दिवसांत? … सर, पोराने हेच विचारलं ना तुला? पत्रात?

शांतीलाल : बाबा, ते…

होळ्या : बोलू नको. त्याने सांगितलं असेल, आज्याला सांगू नका. तू सांगितलं नाही. मी ऐकलं नाही. … म्हणजे त्यालाही नको आहे.

शांतीलाल : बाबा, तुमची भाकरी गार होतेय.

होळ्या : होऊ दे. आज गारही चांगली लागेल.

दाखूबाई : डोळाले काय व्हयनं बाबा? चटणी तिखट शे का?

होळ्या : हो. तिखट आहे. … मी उगाच रात्र रात्र बसतो बाई. तो मोलगीहून भाडं घेऊन येतो, उशीर होतो. खालच्या वळणावर उजेड दिसला की आत जाऊन झोपल्यासारखा पडतो. त्याला वाटतं, आजा झोपला. तो चप्पल काढून येतो, आवाज नको म्हणून. असे दोघे आम्ही.

दाखूबाई : आणि एक हे. दिवाळीपासून पत्र लई बठेल. तिघं शेतस तुम्ही.

होळ्या : सर, एक सांगू बाईला? तू नवा आलास तेव्हाचं?

शांतीलाल : नको.

दाखूबाई : सांगा, सांगा. मी तव्हय आठे शहादामा व्हतू, सासूबाईजवळ. माले तठलं काहीच सांगत नहीत.

होळ्या : माझ्या बहिणीचं लग्न होतं. सर आला, इस्त्रीचा सदरा घालून. आमच्या लोकांनी याच्या हातात द्रोण दिला.

दाखूबाई : यासना हातमा? दारूना?

होळ्या : भरलेला. सर नको म्हणाला नाही. हो पण म्हणाला नाही. धरून उभा राहिला. पळसाच्या पानाचा द्रोण, खाली ठेवला की कलंडतो. दारू जमिनीवर सांडणं म्हणजे अपमान, एवढं याला कोणीतरी सांगितलं होतं. लोक नाचून दमले, जेवून आले, सर तिथेच उभा. दारू मनगटावरून गळून बाही ओली. मी म्हटलं, हा माणूस सकाळपर्यंत असाच राहील.

दाखूबाई : म्हणीसनच त्या सदराले वास येत व्हता! माले सांगं, शाईनी बाटली फुटनी.

शांतीलाल : दोन अक्षरं होती. नको. तेवढी तोंडातून निघाली नाहीत. अजून कधीकधी स्वप्नात तो द्रोण हातात असतो.

होळ्या : मग मी घेतला तुझ्या हातातून, आणि प्यालो. लोकांना म्हटलं, सरांचा देव नको म्हणतो. लोक म्हणाले, बरं. संपलं. कोणी रागावलं नाही. देवावर कोण रागावणार? त्यानंतर तुला कोणी कधी दिला का?

शांतीलाल : नाही. दूध द्यायचे. शेळीचं.

होळ्या : तुझ्याकडे देव होता, सर. पोराकडे कोण आहे?

शांतीलाल : …कायदा आहे.

दाखूबाई : हां.

शांतीलाल : कायदा आहे त्याच्याकडे. रागवायचं तर त्याच्यावर रागवा. त्याला सवय आहे. सगळेच रागावतात त्याच्यावर. पोराने फक्त म्हणायचं, माझी इच्छा फार होती, पण कायदा नको म्हणतो.

होळ्या : पंचवीस होईपर्यंत. आणि पंचवीस झाल्यावर घाट सरळ होतो का?

शांतीलाल : नाही होत. हेच, बाबा. हेच मला लिहिता येत नव्हतं. मी कलमंच लिहीत बसलो.

दाखूबाई : आते येस ना लिखता? हाऊ पेन. हाई कागद. बाबा बठेल शेतस, तव्हलग लिखा. नहीतर आखो पुस्तकमा जाई.

शांतीलाल : थांब, पेन चालतं का बघू दे. … “प्रिय वीरसिंग.”

दाखूबाई : इथपावत तर आम्ही पहिले बी उनू व्हतूत.

शांतीलाल : “उत्तराला फार उशीर झाला. माझंच चुकलं. तू विचारलंस ते असं आहे. तुला पंचवीस पुरी झालेली नाहीत, तोवर कायदा तुला ही दारू नको म्हणतो. हे एक.” बरोबर?

होळ्या : कलम लिही. आकडा असला की आमचे लोक जास्त मानतात.

शांतीलाल : लिहितो. “दुसरं. ज्या दिवशी हातात स्टिअरिंग असेल त्या दिवशी वय विचारू नये. मग पंचविशी असो की सत्तरी, गाडी चालवणाऱ्याने पिऊ नये. यालाही कायदा आहे आणि तो वेगळा आहे. तुझ्या लायसनसोबतच तो तुला लागू झाला. पहिला कायदा काही वर्षांनी तुला सोडेल. दुसरा सोडणार नाही.” जड झालं का?

होळ्या : नाही. समजलं.

शांतीलाल : आणि त्या धारेबद्दल मी काही वाईट लिहिणार नाही. ती देवाची आहे.

होळ्या : लिहू नको. आणि असं लिही, द्रोण घेऊन उभा राहू नको, आज्याच्या हातात परत दे.

शांतीलाल : परत देता येतो? खाली तर ठेवता येत नाही.

होळ्या : खाली कोण ठेवतंय? बैलांच्या खुरावर धार टाकत होतो, आता चाकावर टाकीन. आणि उरलेला माझा. मी कुठे गाडी चालवणार? मी तर मागे बसणार, बायांमध्ये. तुझा प्यालो होतो, नातवाचा नाही पिणार?

दाखूबाई : म्हणजे बाबा, तुमले बहाणाच पाहिजे व्हता!

होळ्या : म्हातारपणी कोण देतं बाई दोन-दोन द्रोण? माझ्या म्हातारीला, रमीला, सांगू नको फक्त.

शांतीलाल : “तुझा आजा…” नाही. हे नको. “घरातलं मोठं माणूस समजूतदार असतं, ते वाट काढील.” असं चालेल? यात तुम्ही इथे आला होतात असं कळत नाही ना?

होळ्या : समजूतदार लिहिलं?

शांतीलाल : लिहिलं.

होळ्या : मग नाही कळणार.

दाखूबाई : सही करा. आणि शिक्का?

शांतीलाल : माझ्याकडे कसला शिक्का? मी निवृत्त माणूस. उगाच कोणता तरी मारला तर ते खोटं होईल.

होळ्या : सही पुरे. तुझी सही लांब आहे, पोरं ती बोटाने गिरवत बसायची. बाई, चल मी निघतो. जीप भरत असेल.

दाखूबाई : अहो, तुम्ही बी जा त्यासनासंगे. पेटीपावत. नहीतर आठेच इचार करत बठशात.

(बस स्टँडजवळची टपालपेटी. समोर धडगावची जीप भरते आहे.)

शांतीलाल : बाबा, मला आत्ता सुचतंय. तुम्हीच घेऊन जा ना हे. रात्रीपर्यंत त्याच्या हातात पडेल.

होळ्या : नको. माझ्या हातून गेलं तर पोरगं म्हणेल, आजा जाऊन सरांकडून लिहून घेऊन आला. त्याने टपालाने पाठवलं, टपालानेच येऊ दे. त्या टपालवाल्यालाही एकदा ओढ्यापासून हो म्हणू दे.

शांतीलाल : पोचेल ना वेळेत?

होळ्या : होळीला अजून अवधी आहे. सगळ्या पाड्यांवर आमंत्रणं पोचतात, हे नाही पोचणार?

शांतीलाल : एकदा परत वाचून बघू का? ‘परंतु’ दोनदा आलंय बहुतेक. आणि कलमाचा आकडा…

होळ्या : सर.

शांतीलाल : हो.

होळ्या : द्रोण धरल्यासारखं धरू नको. टाक.

शांतीलाल : …टाकलं.

होळ्या : पडलं?

शांतीलाल : पडलं. आवाज आला, बारीकसा.

होळ्या : ड्रायव्हर बोलावतोय. पोरगाच आहे हा पण. थांब, आधी जाऊन बोलतो त्याच्याशी… हां. चहाचा वास आहे. बसतो मी पुढे.

शांतीलाल : बाबा, पत्र आलं की तुम्ही काय म्हणाल? म्हणजे, त्याला संशय यायला नको.

होळ्या : म्हणेन, कोणाचं पत्र? मग म्हणेन, मोठ्याने वाच, रमीला ऐकू दे. मग कपाळाला आठ्या घालीन. म्हणेन, सरकार आता आमच्या अंगणात पण येऊन बसलं का!

शांतीलाल : आणि मग?

होळ्या : मग म्हणेन, बरं झालं… नाही. ते नाही म्हणणार. पोराला कळेल.